वेलचेरीच्या ढिगाऱ्यावरील नाचणीची मोहीम

स्वस्ति. तमिळ मुलखी वेलचेरी प्रांती पाण्याचा उपद्रव फार. ते स्थळी त्र्यंबकराव सॉफ्टवेअरवाले यांनी नाचणीचे बियाणे कैसे राखिले, ती हकीकत घडली तैसी लिहितो.

अकोले मुलखी मातोश्री रत्नप्रभाबाई यांची डोंगरउताराची जमीन. कणगीत ओल शिरोन घरचे बियाणे कुजले, आणि उरले ते फक्त रावांचे डब्यात आठवण म्हणोन दिलेले दोन मुठी. ते गेले तर त्या नाचणीचा वंशच बुडाला.

मग रावांनी मुलूख पाहिला. इमारतीमागे गटार खणल्याचा मातीचा ढिगारा, दोन पुरुष उंच. डोंगर म्हणावा तर तोच. फुटक्या फरश्यांचे बांध घालोन पाच पायऱ्या काढिल्या आणि घरच्या रिवाजे मृग नक्षत्र साधोन एक मूठ पेरिली. मृग कोरडा गेला, आणि अवघी मूठ जळोन खाक जाहली. राव दोन दिवस धड जेवले नाहीत.

तेव्हा तळमजल्याच्या अलमेलूबाई, ज्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचे मराठी, यांनी कान उपटिला: "काय रे अप्पा, इथं मृगात कोण पेरतें? ऐप्पसी येऊ दे, मग पाऊस बघ!"

त्याप्रमाणे ऐप्पसीत, म्हणजे दिवाळीचे सुमारास, शेवटची मूठ पडली. रोपे वीतभर जाहली तोच सोसायटीचे सेक्रेटरी विजयकुमार यांचे फर्मान सुटले की सोमवारी जेसीबी येऊन ढिगारा जमीनदोस्त करील. रावांनी तमिळ, इंग्रजी आणि हातवारे, तिन्ही हत्यारे चालविली, उपाय चालेना.

रविवारी वादळ आले. कमरेइतके पाणी भरले, जेसीबी वाटेतच अडकला, आणि खुद्द सेक्रेटरी नवी स्कूटर ढकलीत ढिगाऱ्याचे पायथ्याशी दाखल जाहले. बांधांमुळे माती तसूभर ढळली नव्हती. रावांनी खालच्या पायरीची रोपे वर हलवोन स्कूटरीस जागा दिली, आणि तह केला की कापणीपर्यंत ढिगाऱ्यास कोणी हात लावू नये.

माघात कणसे कापिली. चार शेर बियाणे अकोल्यास रवाना जाहले. मातोश्रींनी दाणा दाताखाली फोडोन फोनवर फर्माविले की आपलीच आहे. मग पुसिले, "मृग साधलास ना रे?"

रावांनी अलमेलूबाईंकडे पाहिले आणि "साधला, आई," ऐसे सांगितले. मोहीम फत्ते जाहली. एवढी एक लबाडी दप्तरी माफ लिहिली असे.