चहा पिताना काय बोलता?

"तुम्ही दोघं चहा पिताना काय बोलता रे?"

ओळख झाल्या झाल्या वसंत परबने मला हा प्रश्न विचारला. पंच्याऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मुलुंडच्या आमच्या एम.ए.च्या वर्गात लग्न झालेले परब आणि मी, दोघंच. बाकीच्यांना परीक्षेची काळजी, परबला संसाराची. मी माझ्या घरचं काहीतरी सांगायचो आणि तो डोळे मिटायचा. खिडकीतलं डोंगरावरचं ऊन त्याच्या तोंडावर यायचं, सर शिकवत राहायचे आणि हा माझ्या घरात हिंडून यायचा. मग डोळे उघडून म्हणायचा, "दिसलं."

त्यानंतर घरी प्रयोग. मी बायकोला पेपर वाचून दाखवतो म्हटलं, तर याने आपल्या बायकोला, सुमनला, पानभर टेंडरच्या जाहिराती वाचून दाखवल्या. आमचं पंख्यावरून भांडण होतं म्हटलं, तर हा घरी भांडायला गेला. यांच्या खोलीत पंखाच नव्हता. सुमन हसून हसून बेजार झाली म्हणे, पण याचं तोंड पडलेलंच.

"हसली यार. पण सुखी आहे, हे कसं ओळखायचं?"

मला वाटायचं, नग आहे झालं. एका दुपारी टपरीवर मी वैतागून विचारलंच, तुझ्या घरी कधी कोणी चहा प्यायलं नाही का?

तो त्याच तंद्रीत म्हणाला, "बाबा मुंबैत गिरणीत, आये गावाक. गणपतीत बाबा यायचे, तेव्हा आये दाराआडून कप सरकवायची. एका घरात राहायचं कसं, हे आमच्यात कोणी केलंच नाही रे. आम्ही नुसते कप घेऊन खिडकीत बसतो. गप्प. कंटाळून सुमन गावी गेली तर?"

त्या रविवारी बायकोला घेऊन मी त्याच्याकडे गेलो. त्याच्या खिडकीबाहेर मिठागरं उन्हात पांढरी पसरली होती. सुमन हसरी, पण अबोल. परतताना बायको म्हणाली, "तिने ओट्यापाशी हळूच विचारलं, वहिनी, तुम्ही दोघं चहा पिताना काय बोलता? तिचेही वडील गिरणीतच होते."

"मग काय सांगितलंस?"

"खरं ते."

सोमवारी परबने डोळे आधीच मिटून तोच प्रश्न विचारला. या वेळी मीही खरं सांगितलं. पेपरबिपर कधीतरी, एरवी आम्ही कप घेऊन गप्प बसतो, आणि बरं वाटतं.

त्याने डोळे उघडले.

"दिसलं," तो म्हणाला. "हे आम्हाला येतं."