पंचफुलामावशींचा गोळ्यांचा डबा

डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या, तिसऱ्या दिवशी लघवीची जळजळ थांबली. उरलेल्या गोळ्यांचं तुम्ही काय केलंत? खरं सांगा.

दारव्ह्यातल्या आमच्या गल्लीत त्या पंचफुलामावशींकडे जमा होतात. अंगणवाडीत मदतनीस म्हणून आयुष्य काढलेल्या या बाईंकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. दवाखान्यातून परतणाऱ्याला त्या हटकतात, "उरल्या का दोन-चार? दे मले. घरात ठेवून का अंडे देतीन?"

आणि शेजारीण विरजण मागायला यावी तशा बाया गोळी मागायला येतात. कातरलेल्या पाकिटांवर नाव उरत नाही, म्हणून मावशी रंगावर चालतात. पिवळी जळजळीची, गुलाबी तापाची. सोबत सल्ला ठरलेला: "आराम पडला का बंद कर. जास्त खाल्ल्या त गरमी करते."

मी चिडून पत्रक छापलं: अर्धवट औषधाने नाजूक जंतू मरतात, चिवट उरतात आणि वाढतात. मग तीच गोळी त्यांना पुरत नाही. घरोघर वाटलं. मावशींनी ते डब्याच्या तळाला अंथरलं. "कागद चांगला जाड हाय," म्हणाल्या.

यंदा जळजळ त्यांनाच झाली. पिवळी घेतली, उतार नाही. पुन्हा घेतली. चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप चढला, पाठ धरली. मी त्यांना यवतमाळला नेलं. तिथे लघवीचं कल्चर केलं, म्हणजे जंतू वाढवून त्यांना कुठलं औषध मारतं ते तपासलं. रिपोर्टात औषधांची यादी होती आणि जवळजवळ प्रत्येकापुढे एकच शेरा: जंतू दाद देत नाहीत.

"म्हंजे मी नापास?" मावशींनी विचारलं.

"तुम्ही नाही. तुमची पिवळी नापास."

एक औषध लागू पडलं, तेही शिरेतून. हाताला सुई लावून मावशी दहा दिवस पडून होत्या. नर्सबाईला रोज विचारायच्या, "आता बरं वाटून राह्यलं, बंद करता का?" ती रोज नाही म्हणायची.

घरी आल्यावर मी डबा मागितला, दवाखान्यात जमा करायला. मावशींनी तो मांडीवर घेतला. झाकण उघडलं, लावलं.

"ने," म्हणाल्या. "पन मंग माह्या दारात येईन कोन?"

गोळीच्या निमित्ताने बाया तासभर बसायच्या, तो तास मी कधी मोजलाच नव्हता.

डबा मी नेला. म्हणून तुम्हाला सांगणं आहे: डॉक्टर म्हणतील तितके दिवस गोळ्या घ्या, मधेच थांबू नका, उरल्या तर कुणाला देऊ नका. आणि तुमच्या गल्लीत अशी एखादी मावशी असेल, तर आज संध्याकाळी वाटी घेऊन तिच्या दारात जा. घरात दही असलं तरी विरजण मागा.