त्र्याण्णव कुंड्या आणि एक

फक्त एक कुंडी घरी आणायची, एवढंच मी ठरवलं होतं.

लोकांच्या गच्च्या, बाल्कन्या आणि खिडक्यांतली झाडं सांभाळायचा माझा धंदा. धंदा म्हणजे मी, एक कात्री आणि एक हातगाडी. नववीत मी शाळा सोडली, कारण तोंडी परीक्षेत माझं तोंड उघडत नसे. (लेखी परीक्षेत ते उघडंच राही.) झाडांचं बरं असतं, ती प्रश्न विचारत नाहीत.

धंद्याला जेमतेम वर्ष झालं आणि लॉकडाउन लागला. बाबा म्हणाले, "हे उठेपर्यंत बघू. नाही जमलं तर दादाच्या कंपनीत, गोदामात खोकी भरायची." मी मान हलवली. होकाराला आणि नकाराला मी एकाच प्रकारे मान हलवतो, त्यामुळे भांडण होत नाही.

दुसऱ्याच दिवशी हेडबाईंचा फोन आला. या आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, आता निवृत्त. मला गणित शिकवत. मी शाळा सोडली तेव्हा बहुधा दोघांनाही बरं वाटलं होतं. लॉकडाउनच्या आधी त्या आपल्या लेकीकडे गेल्या आणि तिथेच अडकल्या.

"चावी वॉचमनकडे आहे. खिडकीतला मनीप्लांट तेवढा बघ. आमच्या ह्यांनी लावलेला आहे. घरातलं बाकी काही गेलं तरी चालेल."

पण वॉचमन मला रोज आत सोडेना. म्हणून सकाळच्या सूट असलेल्या दोन तासांत मी ती कुंडी हातगाडीवर ठेवली आणि घरी आणली. रस्त्यात दातांच्या डॉक्टरांनी बाल्कनीतून पाहिलं. ते आईवडिलांकडे गावी निघाले होते. "अरे, माझ्याही चार ने ना!" नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं. मी चार घेतल्या.

महिन्याभरात आमच्या तीन खोल्यांत अठरा घरांच्या त्र्याण्णव कुंड्या झाल्या. बाबा शेवंतीच्या आड बसून दाढी करत. दादाची ऑफिसची मीटिंग पामच्या पानांतून चाले. त्याच्या साहेबांनी विचारलं, "तुम्ही रजा न टाकता फिरायला गेलात का?"

कुठली कुंडी कोणाची, हे लक्षात ठेवायला मी चिठ्ठ्या लावल्या नाहीत. माझं अक्षर दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही. त्याऐवजी जुने शर्ट, चादरी, पडदे फाडून पट्ट्या केल्या. डॉक्टर निळ्या रेघांचे, शिंपीकाका चौकडीचे, हेडबाई पांढऱ्या ठिपक्यांच्या. प्रत्येक कुंडीच्या गळ्यात पट्टी. एकही झाड दगावलं नाही. चार जणांनी तर फोनवर सांगितलं, की लॉकडाउन उठल्यावर कायमचं काम तुलाच. मी घरात जरा छाती काढून चालायला लागलो. (जागा नव्हती, तिरका चालायचो.)

आणि लॉकडाउन उठायच्या आदल्या दिवशी मी दुधाच्या रांगेतून दोन तासांनी परत आलो, तर गच्चीवर दोरीला ओळीने रिकामे चिमटे होते. म्हणजे कुंड्यांच्या गळ्यातल्या पट्ट्या कोणीतरी सोडून, तिथे वाळवून, परत खाली नेल्याही होत्या. ओले ठिपके तेवढे जमिनीवर राहिले होते.

"आई! पट्ट्या?"

"धुतल्या," आई म्हणाली. त्या दिवसांत बाहेरून आलेलं काहीही ती धुतल्याशिवाय सोडत नसे. दुधाची पिशवी, किल्ल्या, एकदा वर्तमानपत्रसुद्धा. "अठरा घरचे जंतू रे! गरम पाण्यात सोडा टाकून काढल्या. बघ कशा चकचकीत झाल्यात."

"आणि परत कशा बांधल्यास?"

"शोभतील तशा. लाल फुलाला लाल पट्टी कशी दिसेल? त्याला पिवळी दिली."

मी कुंड्यांपुढे बसून मनीप्लांट मोजले. एकवीस होते आणि एकवीसच्या एकवीस जुळी भावंडं. उद्या सकाळी हेडबाई येणार.

"गोदामात फोन करू का?" पामच्या आडून दादा म्हणाला.

"गप्प बसा हो, भावोजी रडतील," वहिनी म्हणाली. मी रडत नव्हतो. सवयीने समोरच्या कुंडीत बोट खुपसून माती किती ओली आहे ते बघत होतो. बोटाला अंड्याचं कवच लागलं.

अंडी! रोज सहा अंडी खाणारा जिमवाला! मी उठलो. पुढच्या कुंडीत शर्टाची दोन बटणं आणि दोऱ्याचा गुंता. शिंपीकाका. त्यापुढे सिगारेटची सात थोटकं. पेन्शनवाले आजोबा. (आजींना वाटतं त्यांनी सोडली.) टूथब्रशची दांडी, डॉक्टर. दिवसभर मी गुडघ्यांवर होतो. जिथे मातीत काही सापडेना, तिथे वेल कुठल्या बाजूला झुकलाय ते पाहायचो, आणि त्या घरची खिडकी आठवायची. एकोणिसाव्या मनीप्लांटमध्ये बोट घातलं आणि पांढरं होऊन बाहेर आलं. खडूचे तुकडे! शाळेतून आणलेले उरलेसुरले खडू बाई कुंडीत कुस्करून टाकत. मी त्या कुंडीला अक्षरशः मिठी मारली.

संध्याकाळपर्यंत त्र्याण्णव जुळल्या. उरली एकच, चौऱ्याण्णवावी. पिंपामागे, पट्टी नाही, माती दगडासारखी, रोप पिवळं. मातीत काहीच नाही.

"हे कोणा नालायकाचं आहे?" मी ओरडलो. (हो, मी.) "पाणी घालायचं माहीत नाही आणि झाडं पाळतात! असलं गिऱ्हाईक मला नको!"

"अरे, ते..." आई म्हणाली.

"आई, कुंड्यांच्या विषयात आता तू बोलायचं नाही."

आई पट्ट्यांचं पाणी ओतायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी हेडबाई आल्या. चष्मा नाकावर ओढून त्यांनी मनीप्लांट पान-पान तपासला. मग बोट मातीत घातलं, पांढरं झालेलं पाहिलं आणि पदराला पुसलं. शेवटी म्हणाल्या, "शंभरपैकी शंभर."

गणितात मला त्यांनी एकदा सात दिले होते. बाबा शेवंतीमागून पुढे आले आणि म्हणाले, "आमचा धाकटा. स्वतःचा धंदा आहे त्याचा." इतकं मोठं वाक्य त्यांनी माझ्याबद्दल पहिल्यांदाच उच्चारलं. गोदामाचा विषय तिथेच संपला.

"आणि हे पिवळं कोणाचं?" बाईंनी पिंपामागे बोट दाखवलं.

माझी जीभ आता सुटली होती. "काही लोकांना झाडं ठेवायची लायकी नसते, बाई. आणायची हौस, मग बघायचं नाही. मी तर त्याला सरळ सुनावणार आहे."

आईने चहाचा ट्रे ठेवला. "आता बोलू का?"

"बोल."

"ते तुझंच आहे. धंदा सुरू केलास त्या दिवशी आणलं होतंस, पहिलं झाड म्हणून. तिथे ठेवलंस आणि लोकांकडे पाणी घालायला गेलास."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. तीच नजर, सात मार्कांची.

"हे मी घेऊन जाते," त्या म्हणाल्या. "सुधारलं की परत मिळेल. माझ्याकडच्यांत मिसळू नये म्हणून पट्टी तेवढी बांधून दे."

मी बाबांच्या जुन्या शर्टाची पट्टी फाडली. गाठ मारणार, तेवढ्यात आईने ती हातातून काढून घेतली आणि धुवायला नेली.