रकाना क्रमांक अकरा

"आठ दिवस! फक्त आठ दिवस दे मला," पायात मोजे चढवता चढवता हेडक्लार्क म्हणाले, "हे शहर खिशात घालून दाखवतो की नाही, बघच तू!"

बायकोने बघितलं नाही. ती खिडकीशी बसली होती. नव्या शहरात येऊन सात आठवडे झाले होते आणि समोरच्या इमारतीत कोण किती वाजता कपडे वाळत घालतं, हे तिला तोंडपाठ झालं होतं. बोलायला मात्र कुणी म्हणता कुणी नव्हतं.

"काल दुकानातलं बिलाचं यंत्र मला म्हणालं, 'धन्यवाद, पुन्हा या'," ती म्हणाली. "आठवडाभरात माझ्याशी बोललेलं तेवढंच. आणि मी त्याला 'येते हं' म्हणून आले! मला आता माझीच भीती वाटायला लागलीय. महिनाअखेरपर्यंत आपलं म्हणावं असं एक माणूस इथं मिळालं नाही, तर मी ताईकडे परत जाणार. तुम्ही सुट्टीत भेटायला या."

ती थट्टा करत नव्हती. कपाटावरची बॅग खाली आली होती आणि तिच्यावरची धूळही पुसलेली होती.

जुन्या गावात हेडक्लार्कांचा दबदबा होता. बावीस वर्षं ते एकाच खिडकीत बसले आणि एकही रिकामा रकाना त्यांनी पुढे जाऊ दिला नाही. मधलं नाव नाही? परत! पिनकोड नाही? परत! एकदा तर खुद्द सासऱ्यांचा अर्ज त्यांनी तीनदा परत पाठवला होता. पुढे ते कार्यालय बंद झालं, माणसं मुख्य कार्यालयात आली आणि इथं हेडक्लार्कांना स्वतःचाच अर्ज भरायची वेळ आली. चाळीस रकाने होते. एकोणचाळीस त्यांनी सुवाच्य अक्षरात भरले. अडलं ते अकराव्यापाशी.

'आणीबाणीत कळवावयाची या शहरातील व्यक्ती (सोबत राहणारी सोडून). नाव, नाते, फोन.'

"राहू द्या हो रिकामा," आस्थापना विभागातल्या बाई म्हणाल्या. "अर्ध्या लोकांचा रिकामाच असतो."

"रिकामा?" हेडक्लार्क किंचाळलेच. "बाई, मी रिकाम्या रकान्यासाठी सासरा परत पाठवलेला माणूस आहे!"

मग शोधमोहीम सुरू झाली. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने कानातलं यंत्र न काढताच मान हलवली, ती होकाराची की गाण्याची हे कळलं नाही. केस कापणाऱ्याला नाव विचारलं, तर तो कात्री थांबवून म्हणाला, "का? तक्रार करणार आहात का?" वर्तमानपत्रवाल्याने सरळ पाठ फिरवली. सातव्या दिवशी संध्याकाळी हेडक्लार्क पाय ओढत जिना चढत होते. तेवढ्यात भिंतीवर एक कागद दिसला.

'जिन्यात सायकल ठेवणाऱ्याने खालील क्रमांकावर फोन करून आपली बाजू मांडावी. मी घरीच असतो.'

खाली पूर्ण नाव आणि फोन होता. समोरच्या दारात राहणारे निवृत्त ड्रिलमास्तर! एकटे राहणारे, चेहरा कायम शाळा भरल्यासारखा. सात आठवड्यांत त्यांच्याशी एका शब्दाची देवघेव झाली नव्हती, पण नाव स्वच्छ होतं, फोन दहा आकडी होता. हेडक्लार्कांनी दोन्ही उतरवून घेतले. नात्याच्या जागी पेन क्षणभर अडखळलं. मग त्यांनी लिहिलं: काका.

त्या संध्याकाळी घरात शिरताना त्यांची छाती दोन इंच पुढे होती. "झालं काम! समोरच्या मास्तरांशी ओळख झाली. काका म्हणतो मी त्यांना."

बायकोचा चेहरा असा काही उजळला, की हेडक्लार्क घाईघाईने मोजे काढायला वाकले. "खरंच? मग मी जाऊन येऊ का त्यांच्याकडे?"

"आत्ता नको. झोपतात ते."

"सकाळी जाते."

"सकाळीही झोपतात."

बॅग पुन्हा कपाटावर गेली. दुसऱ्या दिवशी ती जिन्यात मास्तरांना "नमस्कार, काका!" म्हणाली. मास्तरांनी तिच्याकडे, मग जिन्यातल्या सायकलकडे असं रोखून पाहिलं, की ती घरात येऊन म्हणाली, "बिचाऱ्यांना ऐकू कमी येतं वाटतं." हेडक्लार्कांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

आणि बुधवारी, सकाळी अकरा वाजता, कार्यालयात आगीची तालीम झाली.

घंटा वाजली. सगळे खाली धावले. हेडक्लार्कही उतरले, पण आपल्या विभागाने उभं राहायचं कुठं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारावं असं ओळखीचं कुणी नव्हतं. पटांगणात दोन घोळके होते. एक त्यांच्या कार्यालयाचा, दुसरा शेजारच्या विमा कंपनीचा. हेडक्लार्क आत्मविश्वासाने विमा कंपनीत जाऊन उभे राहिले! तिथं डोकी मोजली, एक जास्त भरलं. पुन्हा मोजली, पुन्हा एक जास्त. "काय मोजताहेत लेकाचे!" हेडक्लार्क शेजारच्याला म्हणाले. त्यानेही मान डोलावली. इकडे त्यांच्या कार्यालयात एक डोकं कमी भरत होतं, पण कोणतं, हे कुणालाच आठवेना. शेवटी यादीवर बोट फिरवून सुरक्षा अधिकाऱ्याने हेडक्लार्कांचं नाव शोधलं, त्यांच्या अर्जातला अकरावा रकाना काढला आणि फोन लावला.

पुढचं हेडक्लार्कांना नंतर कळलं.

"आगीची घंटा झाली आणि आपले पुतणे कुठंच सापडत नाहीत," अधिकारी म्हणाला.

"मला पुतण्या नाही!" मास्तर गरजले. "सायकलीचं बोला!"

अधिकाऱ्याने नाव सांगितलं. ते नाव मास्तर रोज समोरच्या दारावर वाचत होते. त्यांनी फोन ठेवला आणि समोरची बेल दाबली.

"तुमचे यजमान माझे पुतणे आहेत का?"

"हो तर, काका!" बायको आनंदाने म्हणाली. "आत या ना!"

"आत काय येऊ? त्यांच्या इमारतीला आग लागलीय, आणि ते सापडत नाहीयेत!"

मास्तरांचा उजवा गुडघा कामातून गेलेला होता. एरवी तीन जिने उतरायला त्यांना पाऊण तास लागायचा. त्या दिवशी ते बायकोच्या पुढे धावत उतरले. रिक्षा त्यांनीच थांबवली. वाटभर ती रडत होती आणि ते तिला "श्वास घ्या, सोडा. घ्या, सोडा," असं सांगत होते. तिच्या एका पायात स्वतःची चप्पल होती, दुसऱ्या पायात नवऱ्याची.

पटांगणात हा गोंधळ! मास्तरांनी बंडीच्या खिशातून शिट्टी काढली आणि अशी फुंकली, की दोन्ही कार्यालयं बिनबोभाट रांगेत उभी राहिली. विमा कंपनीचे साहेबसुद्धा हात सरळ करून उभे! मास्तर लंगडत एकेक चेहरा बघत निघाले. तिसऱ्या रांगेत, पोट आत ओढून, हेडक्लार्क उभे होते.

"हा बघा तुमचा माणूस," मास्तर म्हणाले.

बायको धावत आली आणि हेडक्लार्कांचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरून हुंदके देऊ लागली. हेडक्लार्कांना लाज वाटली, आणि बरंही वाटलं. सगळं तिथंच मिटलं असतं. पण अधिकारी कागद घेऊन आला.

"काका, 'व्यक्ती सुखरूप मिळाली' म्हणून इथं सही करा."

"मी कुणाचाही काका नाही," मास्तर घाम पुसत म्हणाले. "या गृहस्थांशी मी आयुष्यात एक शब्द बोललेलो नाही. कृपया तसंही लिहून घ्या."

बायकोचे हात सुटले.

घरी येऊन दार लावून घेतल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुम्ही रकाना भरलात हो. मला वाटलं, माणूस मिळालं." भांडली असती तर हेडक्लार्कांना सोसलं असतं. बॅग खाली आली, भरली गेली. शनिवारी संध्याकाळी ती बॅग दाराशी उभी होती आणि रविवारचं तिकीट तिच्या बाहेरच्या कप्प्यात होतं. हेडक्लार्क खुर्चीत बसून त्या बॅगेकडे बघत होते. उद्यापासून यंत्राला 'येतो हं' म्हणायची पाळी त्यांची होती.

बेल वाजली. दारात मास्तर, हातात काठी, गुडघ्यावर भलंमोठं बँडेज.

"बुधवारच्या धावण्याने उरलासुरला गुडघाही गेला," ते उभ्या उभ्याच म्हणाले. "सोमवारी ऑपरेशन. खरं म्हणजे आठ महिन्यांपूर्वीच व्हायचं होतं. पण इस्पितळाच्या अर्जात एक रकाना आहे, 'सोबत कोण राहणार'. मी तो रिकामा सोडतो, आणि खिडकीतला तो शहाणा अर्ज परत पाठवतो. तीनदा! कोण जन्माला घालतं हो असल्या माणसांना?"

हेडक्लार्कांनी मान खाली घातली. पण रकाना म्हटल्यावर हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेलाच. "द्या इकडे, काका. माझं नाव लिहितो."

"तुमचं?" मास्तर दचकले. "तुम्ही नको. तुम्ही दुसऱ्याच्या रांगेत उभे राहता. मी आधीच लिहिलंय."

कागदावर बायकोचं नाव होतं. नात्याच्या जागी: सूनबाई.

"जिन्यात मला नमस्कार करणारं दुसरं कुणी नाही," मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले. "मी उत्तर दिलं नव्हतं. सवय नाही राहिली. येणार असाल तर सही करा, नसाल तर..." त्यांना बॅग दिसली. "अच्छा. गावाला निघालात वाटतं."

बायकोने बॅग पायाने बाजूला सारली, मास्तरांना खुर्ची दिली आणि नवऱ्याच्या हातातून पेन काढून घेतलं.

बुधवारपासून ती हेडक्लार्कांशी बोलली नव्हती. आता बोलली.

"सही कुठं करायची?"