पक्कडमामा आणि डॉक्टरीणबाईंचं बेसिन

अगं, तू आधी नुसतं ऐक, प्रश्न नंतर. पक्कडमामा माहितीयेत ना, आपल्या गल्लीतले प्लंबर? कॅन्सरमध्ये त्यांचं मोठं आतडं पूर्ण काढलं, त्याला झाली दोन वर्षं. तेव्हापासून पोटाला एक भोक आणि भोकावर पिशवी, कायमची. मामा म्हणायचे, "कॅन्सर गेला, भाडेकरू ठेवून गेला. वेळेवर रिकामा केला की गप्प असतो." आणि खुशाल कामाला जायचे.

घोळ झाला गेल्या महिन्यात. एका बाईंच्या सिंकखाली आडवे असताना मामांची पिशवी सुटली. मामा शांतपणे बाथरूममध्ये गेले, धुतलं, नवी पिशवी लावली, बॅगेतला दुसरा शर्ट चढवला आणि परत सिंकखाली शिरले. वर त्या बाईंना म्हणाले, "तुमचंही गळत होतं, माझंही. दोन्ही कामं झाली." बाईंनी फोन लावला तो थेट मामांच्या लेकीला.

लेक शाळेत गणित शिकवते. तिला कशाचंही एकच उत्तर लागतं. तिने मामांची हत्यारं कपाटात कोंडली आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

"बाबा, पिशवी घालवायचं ऑपरेशन असतं. मी सगळं वाचलंय. ते करा, नाहीतर काम बंद."

"पण मला कुठे पिशवीचा त्रास आहे?"

"मला आहे!"

झालं. दोघं जाऊन बसले सर्जनबाईंसमोर. बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. लहान आतड्याचीच पोटाच्या आत एक थैली शिवायची, तोंडाशी आतडंच दुमडून व्हॉल्व्ह करायचा. बाहेर नुसतं बारीक भोक. दिवसातून चार वेळा नळी घालायची आणि थैली रिकामी करायची. लेकीचा चेहरा खुलला. मामा पुढे सरकून बसले. धंद्याचा विषय ना!

"व्हॉल्व्ह गळतो का?"

"बहुतेकांचा नाही. काहींचा सरकतो."

"सरकला तर?"

"पुन्हा ऑपरेशन."

"म्हणजे पुन्हा फोडाफोडी."

"बाबा!"

"अगं, पोट माझं फुटणार, विचारू नको?"

"विचारू द्या त्यांना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुष्कळांना हे छान चालतं. पण ऑपरेशन मोठं आहे, आधी तपासण्या..." तेवढ्यात त्यांना वॉर्डातून बोलावणं आलं. "आलेच मी. तोवर ठरवा तुम्ही."

त्या गेल्या आणि खोलीत एकच आवाज उरला. टप्. टप्. कोपऱ्यात बेसिन, त्यात तुंबलेलं पाणी, खाली बादली. मामांनी दोन मिनिटं कळ काढली. मग उठलेच.

"बाबा, वाकायचं नाही म्हटलंय ना!"

"वाकत नाहीये. झोपतोय."

आणि झोपले की बेसिनखाली! नट हाताने जरा फिरवला तर आतला वॉशर भुगा होऊन हातात आला आणि बेसिनभर पाणी मामांच्या अंगावर.

"वॉशर दे, वॉशर!"

"हत्यारं घरी आहेत!"

"कोणी ठेवली?"

लेकीने पर्स पाठीमागे लपवली.

"मग माझी ती छोटी बॅग दे."

त्या बॅगेत पिशवीचं सामान असतं. पिशवीची चकती पोटाला नीट बसावी म्हणून खाली लावायची एक मऊ, चिकट रिंग असते. मामांनी ती काढली, पाइपाभोवती दाबली, वर नट आवळला. टपटप बंद! मामा विजयी मुद्रेने बाहेर आले, उभे राहिले, आणि पोटाकडे बघून म्हणाले, "दार लाव."

चकती भिजून सुटली होती.

"दुसरी लावा ना पटकन!"

"चकती आहे. रिंग एकच होती. ती आता बेसिनला आहे. आणि माझे हात बघ, गटार झालंय नुसतं. तूच लाव."

आता बघ हं, दोन वर्षांत या मुलीने पिशवीबद्दल सगळं वाचलं होतं, पण बापाचं पोट एकदाही बघितलं नव्हतं. तिने डोळे मिटले.

"डोळे मिटून कुठे लावशील? कानाला? घाबरू नकोस, चावत नाही ते."

तिने बघितलं. लालचुटूक, ओलं, एवढंसं आतड्याचं तोंड.

"दुखतं?"

"छे. त्याला काही कळतच नाही. जे काय कळतं ते तुला." आणि नेमकं तेव्हाच ते बोललं. पुर्र! लेक फसकन हसली, हसत हसत पुसलं, चकती लावली, आणि ती सरकू नये म्हणून दोन्ही तळहातांनी दाबून धरली. त्याच क्षणी दार वाजलं आणि डॉक्टरीणबाई आत. जमिनीवर तळं, पेशंट ओलाचिंब, आणि गणिताच्या बाई त्याचं पोट धरून.

"रिंग आहे का एखादी?" लेक म्हणाली.

"इथल्या सामानाच्या कपाटाची किल्ली सिस्टरकडे, आणि सिस्टर जेवायला गेल्यात. येतीलच. तोवर असंच धरा, हाताच्या उबेने चिकटतं." बाई खुर्चीत बसल्या आणि सवयीने लेकीलाच विचारलं, "मग? करायचं ना ऑपरेशन?"

लेकीने आपल्या हातांकडे बघितलं. "माझे हात गुंतलेत. त्यांना विचारा."

मामांना हे नवीनच होतं. त्यांनी घसा साफ केला. "बाई, तीस वर्षं मी लोकांना सांगतोय, भिंतीच्या आत लाइन घेऊ नका. दिसायला झकास, पण गळली की भिंत फोडा. माझी लाइन बाहेर आहे. गळली की मला दिसते, आणि मीच दुरुस्त करतो. तुमची कारागिरी एक नंबर असेल, पण मला नको. उद्यापासून मी कामावर."

"आणि परत कोणासमोर सुटली तर?" लेक म्हणाली.

"तर पुसायची. जिवंत माणूस गळतोच."

आता तिचं म्हणणं खोटं होतं का? एवढं सगळं रामायण त्या पिशवीपायीच तर झालं होतं! तिला कडाकडा भांडायचं होतं. पण भांडताना तिला हात लागतात गं, हातवारे केल्याशिवाय तिचा शब्द फुटत नाही. आणि हात होते बापाच्या पोटावर. काढले असते तर भांडता आलं असतं. नाही काढले तिने. तू सांग, तू असतीस तर काढले असतेस?