चार सेलांची गाडी आणि पुंडलिकरावांची शेवटची केस

"सौंसर ते पांढुर्णा या पट्ट्यात माह्या नजरेतून सुटन असा गुन्हेगार अजून जन्माले यायचा आहे," पुंडलिकराव शनिवारी सकाळी दात घासता घासता म्हणाले. त्यांच्या शेवटच्या केसची सुरुवात अशी फेसाळ झाली.

या कीर्तीचा पाया एका बेडकावर होता. मंडीत काट्यावर नोकरीला असताना त्यांनी पाणी मारून वजन वाढवलेला कापूस पकडला होता. म्हणजे गाठोड्यातून बेडूक उडी मारून बाहेर आला आणि पुंडलिकराव तिथे उभे होते. तेव्हापासून घरात चमचा हरवला तरी सगळ्यांचे जबाब घेतले जात.

आजचं प्रकरण मात्र गंभीर होतं. लेकीची, तृप्तीची, गाडी बंद होती. वीतभर लांबीची, चार सेलांवर चालणारी, मोबाइलच्या इशाऱ्यावर वळणारी ही गाडी म्हणजे तिच्या इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोम्याचा प्रोजेक्ट. काल संध्याकाळी ती अंगणभर पळाली होती. आज अकराला पांढुर्ण्याच्या कॉलेजात परीक्षकांपुढे पळाली नाही, तर वर्ष वाया. बसला चाळीस मिनिटं होती.

"हेमराज," पुंडलिकरावांनी शेजाऱ्यावर बोट ठेवलं. "काल पक्कड मागाले आला होता. ज्याच्या घरी पक्कड नाही, त्याच्या मनात काय असन?"

"बाबा, त्यानं गाडीले हातही नाही लावला."

"हुशार माणूस लावतच नाही."

तृप्तीने वायरी तपासल्या. शाबूत होत्या.

"मंग उंदीर."

"उंदरानं वायर कुरतडली असती."

"म्हणूनच म्हणतो, सराईत आहे."

सेल कालच नवे टाकले होते, म्हणून त्यांच्याकडे न बघता ती मोटर खोलून बसली.

"सेल चीनचे होय ना?" पुंडलिकराव डोळे बारीक करून म्हणाले. "त्याईची जेवणाची सुट्टी झाली असन."

"घरच्याईले विचारलं का?" आतून अंबाबाईंनी, त्यांच्या पत्नीने, विचारलं.

"घरचे संशयाच्या पलीकडे आहेत. मी स्वतः चौकशी केली."

अंबाबाई हात पुसत आल्या, गाडी उलटी केली आणि सेलांचं झाकण काढलं. आतल्या स्प्रिंगा केशरी झाल्या होत्या. बोटाला तेलकट शेंदूर लागला.

"हे काय होय?"

पुंडलिकरावांनी ते बोट आधी हुंगलं.

"पहाटे जामसांवलीच्या मारुतीले जाऊन शेंदूर आणला होता," ते म्हणाले. "नवा ट्रॅक्टर घेतला की इंजिनाले टिक्का लावतेतच ना. मले वाटलं, हेच इंजिन."

"चारही जागी?"

"एकाले लावून बाकीच्याईचा अपमान कायले?"

"अन् एवढा वेळ हेमराजले चोर ठरवून राहिले?"

"पूजा कोणी गुन्ह्यात धरते का?"

तेलाच्या थरातून वीज जाणार कुठून? अंबाबाईंनी पदराच्या टोकाने स्प्रिंगा घासून लखलखीत केल्या. गाडी सुटली ती थेट आरोपीच्या घोट्यावर आदळली.

तृप्तीने ओढणीत तोंड खुपसलं. तिचे खांदे गदगदताना पाहून पुंडलिकरावांचा चेहरा उतरला. बसस्टँडपर्यंत गाडीचा डबा छातीशी धरून ते तिच्या मागे मागे चालले. बसच्या खिडकीपाशी येऊन म्हणाले, "रडू नको बाई. चुकलो मी."

तिला बोलताच येईना. संध्याकाळी सांगू, तिने ठरवलं. बस सुटली.

परीक्षकांपुढे गाडी धावली, वळली, थांबली. तृप्ती घरी परतली तेव्हा अंगणात चपलाच चपला होत्या. दुपारी जेवून आडवे झालेले पुंडलिकराव उठले नव्हते.

तेरवीचे पाहुणे गेल्यावर ती त्यांच्या रिकाम्या खाटेवर जाऊन बसली.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "मी रडून नव्हती राहिली. हसून राहिली होती."