सात पानी पुस्तक

परुळेकरकाकांनी आयुष्यात एकदाही पिस्तूल हातात धरलेलं नाही, पण कोणतं पिस्तूल कमरेला खोचलं तर शर्टावरून कळत नाही हे त्यांना तोंडपाठ आहे. आणि हा छंद कुठे, तर सिंगापुरात! इथे खेळण्यातलं पिस्तूलसुद्धा महागात पडू शकतं.

काका म्हणजे बोटीवरचे निवृत्त चीफ इंजिनिअर. बुकित पंजांगला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. चाच्यांच्या भीतीने बोटीवर बंदूकवाले पहारेकरी घ्यायचे, तेव्हा हे खूळ डोक्यात शिरलं. परीक्षणं इंटरनेटवर वाचायची आणि चाचणी घ्यायची ती चष्म्याच्या घरावर. त्यात मूग भरून भरल्या पिस्तुलाएवढं वजन जमवायचं, ते कमरेला खोचायचं आणि माझ्यासमोर उठाबशा काढायच्या. "दिसतंय का?" एवढाच प्रश्न. मी लिफ्टची वाट बघत असलो तरी तोच. खुर्चीत स्वस्थ बसलेले काका मी कधी पाहिलेच नव्हते.

एलआरटीत, म्हणजे इथल्या छोट्या लोकलमध्ये, 'पिस्तूल' म्हणायची चोरी. मराठी न येणाऱ्यालाही कळायचं! म्हणून काकांनी त्याचं 'पुस्तक' केलं. सात गोळ्यांचं ते सात पानी पुस्तक. दांड्याला धरून ते मला सांगायचे, नवीन पुस्तक आटोपशीर आहे, फक्त धरताना करंगळी बाहेर राहते.

हे अर्धवट ऐकून माझ्या बायकोचा, मीनलचा, समज झाला की काका जबर वाचक आहेत. ती महिन्याला वाचनकट्टा भरवते. आवडत्या पुस्तकावर बोला म्हणून तिने काकांना गळ घातली आणि काका चक्क हो म्हणाले. मी मनात म्हटलं, आता हे भर सभेत पिस्तुलावर बोलणार!

त्याच सुमाराला काकूंचं आतड्याचं ऑपरेशन झालं. दोन महिने त्या दाराबाहेर आल्या नाहीत. अशक्तपणा असेल, असं आम्ही धरून चाललो. काकांच्या येरझाऱ्या मात्र दुप्पट झाल्या. चष्म्याचं घर गेलं, त्या जागी अर्धवट पाणी भरलेली प्लॅस्टिकची पिशवी आली, तीही डाव्या बाजूला. काका तर उजव्या हाताचे. मी म्हटलं, हे कुठलं पुस्तक? तर म्हणाले, नवीन आवृत्ती. मी विचारलं, पण तिथून ते काढणार कसं?

"काढायचं नाहीच आहे," ते चिडून म्हणाले. "फक्त दिसायला नको."

एके सकाळी तर ते काकूंचा फुलाफुलांचा सैल कुडता घालून दारात उभे. दिसतंय का? मी म्हटलं, काका, पिशवी नाही दिसत, पण तुम्ही फार दिसताय. ते हसले नाहीत. कागदावर काहीतरी टिपून घेतलं आणि गेले.

वाचनकट्ट्याला पंधरा-वीस माणसं होती. मागच्या रांगेत, दाराशी, काकू बसल्या होत्या. अंगात तोच कुडता. काका उभे राहिले आणि पुस्तकाचं नाव न सांगता बोलू लागले.

"हे घेऊन घराबाहेर पडायचं म्हणजे पहिले काही दिवस हात सारखा तिकडे जातो. जाऊ द्यायचा नाही. वजन असतं, पण सवय होते. आणि लोक बघत नसतात हो, आपणच बघत असतो."

टाळ्या पडल्या. प्रकाशक कोण, असं एका बाईंनी विचारलंसुद्धा. काका तडक माझ्याकडे आले आणि काकूंकडे नजर वळवून हळूच म्हणाले, "दिसतंय का?"

"काय?"

"ऑपरेशनपासून पोटाला पिशवी लावलीय तिच्या, शौचाची. डावीकडे. आता कायमची. लोकांना कळेल म्हणून बाहेर पडत नव्हती."

मला माझ्या सगळ्या थट्टेची लाज वाटली. मी काकूंकडे नीट पाहिलं. त्या मीनलशी बोलत चिवडा खात होत्या. एक हात बशीला, दुसरा मीनलच्या खांद्यावर.

"नाही दिसत," मी म्हटलं.

काकांनी शेजारची खुर्ची ओढली आणि बसले. मग बराच वेळ उठलेच नाहीत.